हँडलबार बॅग निवडताना आणि बसवताना

लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाची सिद्धता करणाऱ्या वाचकांकडून हँडलबार बॅगेबाबत वारंवार जी पृच्छा होते, तिचे स्वरूप बहुधा ठरलेले असते: कोणत्या कंपनीची बॅग उत्तम, ती किती लिटरची असावी, आणि कोकणातल्या पावसात तिच्यातले सामान कोरडे राहील काय? प्रश्न रास्तच आहेत. परंतु बॅग घरी आल्यानंतर ज्या तक्रारी उद्भवतात, म्हणजे गिअरची केबल चेपली जाणे, दिव्याचा झोत बॅगेच्या झाकणावरच अडणे, खड्ड्यांच्या रस्त्यावर ब्रॅकेट फिरून बॅग टायरला टेकणे आणि घाटाच्या उतारावर पुढचे चाक थरथरू लागणे, त्यांपैकी एकीचेही निवारण या प्रश्नांच्या उत्तरांत सापडत नाही. या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा बॅगेत नसून ती ज्या जागी आणि ज्या रीतीने बसवली जाते तेथे असते. म्हणून आमचा पहिला आग्रह असा, की बॅगेची निवड सर्वांत शेवटी करावी, आणि तत्पूर्वी आपल्या सायकलीचे हँडल, त्यावरील केबली व हँडलखालची मोकळी जागा यांची मापे कागदावर उतरवून घ्यावीत.

बॅगेत काय ठेवणार, हे आधी ठरवावे

हँडलबार बॅग ही सामान वाहण्याची जागा नव्हे. सायकलीवरून न उतरता, अथवा फार तर एक पाय जमिनीला टेकवून, ज्या वस्तूंना हात घालावा लागतो त्यांची ती जागा आहे. मोबाइल, पैशांचे पाकीट, ओळखपत्र, चष्मा, छोटा कॅमेरा, पातळ विंडचीटर, चिक्की किंवा खजूर, आणि ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरा करावयाचा लांब पल्ल्याचा सायकलप्रवास, करणाऱ्यांच्या बाबतीत शिक्के घेण्याचे कार्ड, एवढा ऐवज तिच्यात असला की तिचे काम झाले. ऑडॅक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांप्रमाणे २०० किलोमीटरचा ब्रेव्हे साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटरचा ४० तासांत पुरा करावयाचा असतो. अशा प्रवासात मागची पॅनिअर उघडण्यासाठी केलेला प्रत्येक थांबा हिशेबात धरावा लागतो, आणि पुढच्या बॅगेची खरी उपयुक्तता तेथे प्रत्ययास येते.

या उलट कुलूप, साखळी, हत्यारे, जादा टायर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हे जड सामान तिच्यात भरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. हँडलवरचे वजन उंचावर आणि चाकाच्या वळणाच्या अक्षापुढे असते. ते जितके वाढेल तितके हँडल एका बाजूला कलंडू पाहते आणि मंद गतीने चढ चढताना ते सरळ धरण्याचे कष्ट वाढतात. ब्रॅकेटवर छापलेली मर्यादा काहीही असो, आमच्या मते सामानासह बॅगेचे एकूण वजन दोन ते तीन किलोंच्या पुढे जाऊ देऊ नये. मागच्या कॅरिअरवर जड पॅनिअर असतील तर मात्र पुढे थोडेसे वजन असणे हितावहच ठरते, कारण तीव्र चढावर पुढचे चाक हलके पडून भरकटत नाही.

खरेदीपूर्वी घ्यावयाची मापे

ही मापे घेण्यास अर्धा तास पुरतो, आणि तो अर्धा तास वाचवल्यामुळेच बहुतेक खरेद्या फसतात.

- हँडलची जाडी. स्टेमच्या दोन्ही बाजूंस, जेथे ब्रॅकेटचे हात टेकणार तेथे, ती मोजावी. व्हर्निअर कॅलिपर हाताशी नसेल तर कागदाची अरुंद पट्टी हँडलभोवती गुंडाळून घेर मोजावा: घेर सुमारे १०० मिलिमीटर भरला तर हँडल ३१.८ मिलिमीटरचे, ८० भरला तर २५.४ चे, ८२ च्या आसपास भरला तर २६ चे, आणि ७० भरला तर २२.२ चे समजावे. ३१.८ च्या हँडलांत मधला जाड भाग पुष्कळदा आखूड असतो व लगेच निमुळता होत जातो. ब्रॅकेटचे दोन्ही हात सारख्या जाडीच्या भागावर बसतील एवढी त्याची लांबी आहे काय, हेही पाहावे.
- दोन ब्रेक लिव्हरांमधील अंतर. ड्रॉप बार असेल तर लिव्हरांच्या आतल्या बाजूंमधले अंतर घ्यावे आणि त्यातून बोटे मोकळेपणी हलतील एवढी जागा दोन्हीकडे वजा करावी. उरेल ती आपल्या बॅगेची कमाल रुंदी. फ्लॅट बारवर रुंदीची अडचण सहसा येत नाही.
- हँडलपासून टायरपर्यंतची उंची. मडगार्ड असेल तर मडगार्डच्या माथ्यापर्यंत मोजावे. बॅगेचा तळ आणि चाक यांच्यात किमान पाच सेंटिमीटर अंतर राहिलेच पाहिजे. ठेंगण्या चणीच्या स्वारांच्या छोट्या फ्रेमवर ही जागा फारच थोडी उरते. तेथे उंच बॅगेचा विचार सोडून रुंद व उथळ बॅग घ्यावी. पुढे सस्पेन्शन असल्यास फोर्क पूर्ण दबल्यावर उरणारी उंची हिशेबात धरावी, उभ्या सायकलीची नव्हे.
- केबलींचा पसारा. शिमानोच्या जुन्या धर्तीच्या रोड लिव्हरांमध्ये गिअरच्या केबली लिव्हरच्या आतल्या बाजूने निघून हँडलसमोर कमानीसारख्या येतात, आणि बॅगेची जागाही नेमकी तीच असते. अशा केबली हँडलपुढे किती येतात ते मोजून, ब्रॅकेट बॅगेला हँडलपासून तितके दूर धरते काय, याचा खुलासा विक्रेत्याकडून करून घ्यावा. दाबून बसवलेली केबल तुटत नाही हे खरे, पण तिच्यातले घर्षण वाढून गिअर उशिरा बदलू लागतो, आणि त्याचा दोष मग विनाकारण मागच्या डिरेलरकडे जातो.

ज्यांच्याकडे रॉड ब्रेकची जुनी काळी सायकल आहे, आणि तिच्यावरूनही दूरचे प्रवास करणारे लोक आहेत, त्यांनी हँडलखालून जाणाऱ्या ब्रेकच्या सळयांना ब्रॅकेटचा यत्किंचितही अटकाव होऊ देऊ नये. अशा सायकलीस पुढच्या एक्सलवर टेकणारी टोपलीच अधिक निर्धोक.

बॅगांचे प्रकार आणि त्यांची लायकी

ब्रॅकेटवर बसणारी, एका कळीसरशी निघणारी पेटीसारखी बॅग हा आपल्याकडील रस्त्यांवरून प्रवास करणाऱ्या बहुसंख्य वाचकांसाठी योग्य प्रकार होय, असे आम्ही निःशंकपणे सांगू. ब्रॅकेट हँडलवर कायम राहते, आणि चहाच्या टपरीवर वा धर्मशाळेत शिरताना बॅग काढून खांद्याला लावता येते. मौल्यवान वस्तू सायकलीवर मागे राहत नाहीत. जर्मनीतील झोलिंगेन येथील रिक्सन उंड काउल या कंपनीची क्लिकफिक्स ही ब्रॅकेटपद्धती इतकी रूढ आहे, की निरनिराळ्या उत्पादकांच्या बॅगा तिच्यावर बसतात. ऑर्टलीबसारख्या काही कंपन्यांची बैठक मात्र त्यांची स्वतःची असते. म्हणून एका कंपनीचे ब्रॅकेट आणि दुसरीची बॅग अशी तजवीज करण्यापूर्वी दोन्ही परस्परांत बसतात याची लेखी खातरजमा करावी.

दुसरा प्रकार फ्रेंच परंपरेतला. यात बॅगेचा भार हँडलवर नसून पुढच्या चाकावरील छोट्या रॅकवर असतो, आणि स्टेमजवळची बैठक, जिला देकालर म्हणतात, ती बॅग केवळ उभी धरून ठेवते. वजन खाली आल्यामुळे सायकल अधिक स्थिर चालते, बॅगही मोठी घेता येते. गैरसोय एवढीच, की रॅक, मडगार्ड आणि देकालर यांची उंची एकमेकांशी तंतोतंत जुळावी लागते. आणि आपल्या बाजारातील बहुतेक सायकलींच्या फोर्कची रचना पुढच्या जड भारासाठी केलेली नसल्याने या पद्धतीचा पुरा लाभ त्यांवर मिळत नाही. पदरी कुशल मेकॅनिक असल्यावाचून या वाटेला जाऊ नये.

तिसरा, पट्ट्यांनी आडवा बांधावयाचा रोल. झोपण्याची पिशवी, कपडे, तंबूचे कापड असे फुगीर पण हलके सामान त्यात उत्तम राहते, आणि कच्च्या रस्त्यावर तो ब्रॅकेटपेक्षा कमी खडखडतो; परंतु चालता चालता त्यातून काही काढता येत नाही. तो घेतल्यास स्टेमला लागून बसणारी, बाटली किंवा खाऊ ठेवण्याची छोटी उभी पिशवी जोडीस घ्यावी. उभे राहून पेडल मारताना तिला गुडघे लागत नाहीत ना, एवढे पाहावे.

झाकणाकडे खरेदीच्या वेळी सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि प्रवासात दिवसातून वीसदा ज्याच्याशी संबंध येतो ते झाकणच. ते स्वाराच्या विरुद्ध दिशेस, म्हणजे पुढे, उघडणारे असावे. स्वाराकडे उघडणारे झाकण मोबाइलच्या स्टँडला व हँडलला अडते आणि बॅग अर्धवटच उघडते. एका हाताने, हातमोजा घालून, ते लावता येते काय हे दुकानातच करून पाहावे. झाकणावरील पारदर्शक खिशात मोबाइल ठेवण्याची सोय आकर्षक वाटते. पण एप्रिल-मेच्या उन्हात त्या खिशात मोबाइल तापून बंद पडतो, तेव्हा तो खिसा कागदी नकाशापुरताच ठेवावा हे बरे.

पावसाचा बंदोबस्त

जाहिरातीतील ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये. आयपीएक्स हा संकेतांक विचारावा. आयपीएक्स ४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण, आयपीएक्स ६ म्हणजे जोरदार फवाऱ्यापासून, आणि आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटे बुडूनही आत पाणी न शिरणे. आषाढात ताम्हिणी किंवा आंबोली ओलांडणाऱ्यास आयपीएक्स ४ दर्जाची बॅग पुरणार नाही. शिवणीच्या बॅगेपेक्षा उष्णतेने सांधे जोडलेली बॅग अधिक विश्वसनीय, आणि झिपपेक्षा गुंडाळून बंद होणारे किंवा खोल खाली येणारे झाकण सरस.

ज्यांना सुती कॅनव्हास आवडते त्यांनी ते निःसंकोच घ्यावे. इंग्लंडात लँकेशायरमधील नेल्सन या गावी कॅरडाइस ही संस्था १९३२ पासून घट्ट विणीच्या सुती कापडाच्या सायकलबॅगा बनवीत आली आहे. भिजल्यावर सूत फुगून वीण बंद होते, हे त्या कापडाचे वैशिष्ट्य. मात्र आपल्या किनारपट्टीवरील दमट हवेत असे कापड ओले मिटून ठेवले तर बुरशी धरते, हे ध्यानात ठेवून मुक्कामी पोहोचताच ते पसरून वाळवावे. बॅग कोणतीही असली तरी कागदपत्रे व पैसे आतल्या वेगळ्या प्लास्टिक पिशवीत असावेत.

ब्रॅकेट बसविण्याची रीत

येथे घाई करू नये. ब्रॅकेटसोबतचे पत्रक आधी साद्यंत वाचावे, कारण ब्रॅकेट हँडलला आवळून धरणाऱ्या तारेचे वेढे घालण्याची पद्धत प्रत्येक कंपनीची निराळी असते. खालील क्रम त्याला पूरक समजावा.

1. ब्रॅकेट बसेल तेवढ्या भागावरील हँडल टेप सोडवून हँडल उघडे करावे आणि स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवावा. टेपवर आवळलेले ब्रॅकेट काही दिवसांत हमखास फिरते.
2. ब्रॅकेटचे दोन्ही हात स्टेमपासून समान अंतरावर धरावेत. केबली त्यांच्या वरून वा खालून, जेथून त्यांना कमीत कमी बाक येईल, तेथून न्याव्यात.
3. ब्रॅकेटचे तोंड क्षितिजसमांतर न ठेवता किंचित वर ठेवावे, कारण भरलेली बॅग लावल्यावर ते थोडे खाली बसते.
4. दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एक बाजू पुरी आवळून मग दुसरीकडे वळू नये. स्टेमचे बोल्ट सैल करावे लागले असतील तर ते पुन्हा स्टेमवर छापलेल्या मर्यादेइतकेच आवळावेत. ही मर्यादा पुष्कळ स्टेमवर ४ ते ६ न्यूटन-मीटर असते.
5. बॅगेत दोन किलोंचा ऐवज घालून हँडल दोन्ही बाजूंस अखेरपर्यंत वळवावे. कोणतीही केबल ताणली जाता कामा नये, आणि ब्रेक दाबून सोडल्यावर लिव्हर झटकन परत आला पाहिजे.
6. घराजवळच्या खराब रस्त्यावर अर्धा तास सायकल चालवून परत यावे आणि ब्रॅकेट पुन्हा तपासून आवळावे. तारेची बैठक पहिल्या भाराने थोडी सैल होतेच. प्रवासाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी ही तपासणी आणखी एकदा करावी.
7. केबली किंवा बॅगेची पाठ जेथे हेड ट्यूबला घासते तेथे पारदर्शक संरक्षक पट्टी चिकटवावी.

कार्बनच्या हँडलवर तारेचे किंवा दातेरी पकडीचे ब्रॅकेट, हँडल बनवणाऱ्या कंपनीची स्पष्ट अनुमती असल्याखेरीज, कदापि लावू नये. एका बिंदूवर पडणारा दाब कार्बनला सोसत नाही, आणि आतली चीर वरून दिसतही नाही. चपट्या आकाराच्या एअरो हँडलवर गोल पकड बसतच नाही. तेथे स्टेमवर बसणाऱ्या बैठकीची चौकशी करावी.

दिव्याची जागा

बॅग बसवल्यावर हँडलवरील दिवा निरुपयोगी होतो, आणि हे पुष्कळांच्या लक्षात येते ते पहिल्या रात्री, अंधाऱ्या रस्त्यावर. दिवा फोर्कच्या माथ्यावर, मडगार्डचा बोल्ट असतो तेथे, किंवा ब्रॅकेटखाली लटकणाऱ्या आडव्या दांडीवर न्यावा, आणि सामानासह बॅग लावून रात्री झोत प्रत्यक्ष पाहावा. हेल्मेटवरील दिवा सोबतीस चांगला. परंतु ब्रेव्हेमध्ये पुढचा व मागचा दिवा सायकलीवरच जोडलेला असणे आवश्यक असते, त्यामुळे केवळ त्यावर भागणार नाही. घंटी व सायक्लोमीटर यांची जागाही याच वेळी ठरवावी. घंटी ड्रॉप बारवर लिव्हरजवळ आणल्यास बॅगेची अडचण होत नाही.

उतारावर हँडल थरथरू लागले तर

हा विषय अन्य साऱ्यांहून महत्त्वाचा आहे, कारण यात जिवाची जोखीम आहे. विशिष्ट गतीस पुढचे चाक वेगाने डावीउजवीकडे थरथरू लागते आणि स्वार जितके घट्ट धरतो तितकी थरथर वाढते. त्या क्षणी हँडल आवळून धरू नये. पकड हलकी ठेवावी, एक गुडघा वरच्या नळीला दाबून धरावा, खोगिरावरचा भार किंचित उचलावा आणि ब्रेक हळूहळू, टप्प्याटप्प्याने लावून गती कमी करावी. सायकल थांबल्यावर पुढचा ब्रेक दाबून तिला मागेपुढे हलवून पाहावे: हेडसेटमध्ये टक् टक् लागत असेल तर ते सैल आहे, आणि पुष्कळदा खरा कसूर तोच असतो. तो नसेल तर बॅगेतले वजन कमी करावे, जड वस्तू तळाशी व हँडलच्या बाजूस सरकवाव्यात, आणि डावेउजवे वजन समान करावे. एवढ्यानेही थरथर राहिली तर ती बॅग त्या सायकलीवर नेऊ नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. हौसेपायी वरंधा किंवा कुंभार्ली उतरताना हा प्रयोग करणे योग्य नव्हे.

खरेदीतील आपले हक्क

विक्रेता ‘सगळ्या सायकलींना बसते’ असे म्हणत असेल तर ते तोंडी मान्य करू नये. आपल्या हँडलची जाडी व प्रकार कळवून, ब्रॅकेट त्यावर बसते काय, हे संदेशाने किंवा पत्राने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. माप न पाहता घेतलेली बॅग आपल्या हँडलला बसली नाही तर तो वस्तूतील दोष ठरत नाही. पण विक्रेत्याने लेखी ग्वाही दिली असेल, तर वर्णनाप्रमाणे वस्तू न मिळाल्याची तक्रार आपणांस करता येते.

- वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये पाकिटावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे अथवा आयातदाराचे नाव व पत्ता, आणि आयात मालावर मूळ देश नमूद असावा लागतो. हा मजकूर नसलेल्या बॅगेची हमी मागण्यास पुढे कोणी सापडत नाही.
- ऑनलाइन खरेदीत ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० लागू होतात. वस्तू सदोष असेल, वर्णनाशी जुळत नसेल किंवा ठरलेल्या मुदतीनंतर आली असेल तर ती परत घेण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावयाची आणि एका महिन्यात तिचे निवारण करावयाचे असते.
- दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे आपण जेथे राहता वा काम करता तेथील आयोगाकडे अर्ज करता येतो, वकील लावणे सक्तीचे नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

पावती, पाकीट आणि सदोष भागाची छायाचित्रे या तीन गोष्टी हाताशी असल्या की अर्ज लिहिणे कठीण जात नाही. परदेशातून टपालाने मागविलेल्या बॅगेवर सीमाशुल्क आकारले जाऊ शकते आणि हमीसाठी ती पुष्कळदा परत तेथेच पाठवावी लागते. थोड्या बचतीसाठी ही यातायात पत्करावी काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

रेल्वे, विमान आणि देखभाल

सायकल रेल्वेच्या पार्सल डब्यातून पाठवताना बॅग अवश्य काढून जवळ ठेवावी, आणि हँडलवर पुढे आलेले ब्रॅकेट जाड कापडाने किंवा पुठ्ठ्याने गुंडाळावे. दुसऱ्या सामानाचा धक्का लागून मोडते ते बहुधा तेच. विमानात पॉवर बँक व सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, तेव्हा हँडलबार बॅगच हातातील सामान म्हणून बरोबर न्यावी. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडत किनाऱ्याने प्रवास झाला असेल, तर घरी आल्यावर ब्रॅकेट गोड्या पाण्याने धुऊन, कोरडे करून, तारेला व स्क्रूंना ग्रीसचा पातळ हात द्यावा. तारेचा एखादा धागा तुटलेला दिसल्यास ती तार त्याच वेळी बदलावी.